मालसुनताईच्या शिव्या

नववर्षाच्या आदल्या दिवशी गावातल्या साऱ्या चुली एकीकडे आणि ह्वांगबाईंचं सार्वजनिक न्हाणीघर एकीकडे. घराघरांत तेल तापलेलं असतं, पिठात बुडवलेले माशाचे तुकडे चुरचुरत असतात, तिळाच्या तेलाचा वास गल्लीबोळांतून पाहुण्यासारखा हिंडत असतो. सोलहून निघालेली पोरं हमरस्त्यावर अडकलेली असतात आणि त्यांच्या आया दर घटकेला फोन करून विचारत असतात, "कुठवर आलात?" अशा घाईतही बायका एकदा इथं येऊन जातातच. जुन्या वर्षाचा मळ अंगावर वागवत उद्या सकाळी पूर्वजांच्या नैवेद्याच्या ताटापुढं कोण उभं राहणार?

ओकबुनचं काम अंग घासायचं. हातात खरखरीत हातमोजा चढवायचा, टेबलावर आडव्या झालेल्या बाईला मानेपासून टाचेपर्यंत घासून काढायचं, मधूनच पाठीवर थाप मारायची. थाप पडली की बाईनं कूस बदलायची. बोलायची गरजच नसते. सकाळपासून तिच्या खुंटीवर किल्ल्यांची रांग लागली होती. ज्या बाईला अंग घासून हवं, ती आपल्या कपाटाची किल्ली खुंटीला अडकवते आणि पाण्यात जाऊन बसते. नंबर आला की हाक येते.

खुंट्या दोन होत्या, टेबलंही दोन. दुसरं टेबल मालसुनताईचं. गेल्या शरदात, अंगणातल्या झाडांवर केशरी फळं लटकली होती त्या दिवसांत, ताई गेली. सकाळी बाजारात कोबी निवडत होती आणि दुपारी नव्हती. तेव्हापासून दुसऱ्या टेबलावर कुणी आडवं झालं नव्हतं. ह्वांगबाई म्हणाल्या होत्या, "नवी बाई बघू का?" ओकबुन म्हणाली होती, "सण जाऊ द्या."

आज मात्र तिनं त्या टेबलावर स्वच्छ पांढरा पंचा अंथरला होता आणि वर भिंतीला एक पाटी टांगली होती. छापखान्यातून करून आणलेली, चारी बाजूंनी आलुबुखाराच्या फुलांची नक्षी:

'कै. यांग मालसुन यांच्या स्मरणार्थ, वृद्ध व गरजू मातांना आज अंग घासून देण्याची सेवा मोफत.'

पाटीकडं बघून सकाळपासून तिला दोनदा भरून आलं होतं.

कारण सणाच्या आदल्या दिवशी मालसुनताई काय करायची, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपार कलली, सुना-लेकी तळणीकडं परतल्या, की खाडीवरच्या म्हाताऱ्या यायच्या. या बायका आयुष्यभर चिखलात फळी सरकवत शिंपले वेचणाऱ्या. एक गुडघा फळीवर, एक पाय चिखलात, आणि वरून हिवाळ्याचा वारा. त्यांच्या घोट्यांच्या सुरकुत्यांत चिखल असा बसलेला की तो त्यांचाच रंग वाटावा. त्या कधी खुंटीला किल्ली लावायच्या नाहीत. कोपऱ्यात बुटक्या स्टुलांवर बसून हात पोचेल तेवढं अंग स्वतःच चोळायच्या. आणि मग ताईचा आवाज छताला लागायचा.

"ओ नोकदोंगकरीण! कोपऱ्यात मांजरीसारखं अंग चाटत काय बसलाय? तुम्ही घासणार, अर्धा चिखल अंगावरच राहणार आणि उद्या सगळं गाव म्हणणार, मालसुनच्या हाताखालून ही बाई अशी बाहेर पडली. माझ्या पोटावर पाय देता होय? चला, आडव्या व्हा!"

"अगं, पण माझ्याकडं द्यायला..."

"तोंड मिटा, पाणी जाईल!"

नोकदोंगकरीण आजी बडबडत, कुरकुरत आडवी व्हायची. हिला आईनं जिभेला मीठ लावून जन्माला घातलं असं म्हणायची. ताई पाण्याची बादली तिच्या अंगावर रिती करायची आणि घासता घासता आपलंच काहीतरी जुळवून गायची:

*पाठ बाई पाठ, जशी नांगरली शेती,*
*किती उन्हाळे-हिवाळे, मोजू तरी किती.*
*चिखल खाडीचा ग, राहिला सांदीला,*
*जुनं वरीस सोडून दे, पाण्याच्या मोरीला.*

एक झाली की दुसरी. "बोसोंगकरीण, तुम्ही काय राणीसाहेब? आमंत्रण धाडू?" जाताना त्यांच्याकडून शिंपल्यांची पिशवी हिसकावून घ्यायची आणि वर नावं ठेवायची: "एवढुसे? पाळण्यातली पोरं उचलून आणलीत वाटतं!"

ओकबुनला तेव्हा लाज वाटायची. ती मवाळ. लहानपणी कोंबडीलासुद्धा हाकलायची ती 'जा ना ग' म्हणून. एकदा तिनं हळूच म्हटलं होतं, "ताई, म्हाताऱ्या माणसांशी असं बोलतात का?"

"मग काय, वाकून नमस्कार घालू? ते उद्या त्यांची नातवंडं करतील."

ओकबुनशी तरी ती कुठं गोड बोलायची? ओकबुनचा नवरा बोटीवरून परत आला नाही, त्या वर्षी ती लहानग्या लेकीला घेऊन या न्हाणीघरात कामाला लागली. नववर्षाच्या आदल्या दिवशी ताईनं सुक्या माशांची जुडी तिच्या अंगावर जवळजवळ फेकलीच होती. जाडजूड, पोटाला सोनेरी झाक असलेले, गवताच्या दोरीत ओवलेले मासे. "घे हे. कुणीतरी घरी आणून टाकलंय. मला तर वासानंच मळमळतं. खा, नाही तर मांजराला घाल." गेलेल्या नवऱ्याच्या नावानं वाढायच्या पहिल्या ताटात मांडायला ओकबुनकडं त्या दिवशी मुळ्याशिवाय काही नव्हतं. मग दर वर्षी तेच. दर वर्षी कुणीतरी ताईच्या घरी मासे आणून टाकायचं, दर वर्षी ताईला मळमळायचं.

ताईच्या चितेचा धूर विरला, तेव्हा ओकबुननं मनाशी ठरवलं. ताईचं मन सोन्याचं होतं, जीभ काट्याची. आपण सोनं ठेवू, काटे काढू. नोकदोंगकरीण आजी, बोसोंगकरीण आजी, त्यांच्या सोबतिणी, सगळ्यांना या दिवशी मानानं बोलवू, मानानं घासू. ताई गेली तरी ताईचा हा दिवस जाऊ द्यायचा नाही. तिच्याजवळ ताईचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

दुपार कलली. म्हाताऱ्या आल्या, नेहमीसारख्याच, एकमेकींच्या कोपराला धरून, ओल्या फरशीवर पावलं जपत. आल्या आणि पाटीपुढं थांबल्या.

बोसोंगकरणीला वाचता यायचं, आणि ती ते सगळ्यांना कळेल असंच वाचायची. "स्म-र-णार्थ... वृद्ध व ग-र-जू मातांना..." तिनं मान वळवली. "गरजू? आपल्यात गरजू कोण ग?"

"मी नाही," एक म्हणाली.

"मी तर नाहीच. माझा थोरला ग्वांगजूला आहे. त्याच्या गाडीत बसायला गरम होणारी गादी आहे."

नोकदोंगकरणीनं पाटीकडं एकदा पाहिलं, पांढऱ्या पंच्याकडं एकदा पाहिलं, आपलं स्टूल उचललं आणि अगदी पलीकडच्या टोकाला, थंड पाण्याच्या हौदाजवळ जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. बाकीच्या गरम हौदात उतरल्या आणि हनुवटीपर्यंत पाण्यात बुडून राहिल्या. हौदात चार डोकी, एकही ओकबुनकडं वळलेलं नाही.

ओकबुन हात पुसत गेली. वाकली. "आजी, या ना. टेबल गरम पाण्यानं धुऊन ठेवलंय. आज काही द्यायचं नाही."

"द्यायचं नाही म्हणून तर येत नाही," नोकदोंगकरीण भिंतीला म्हणाली.

"ताईच्या नावानं करतेय मी..."

"मालसुनच्या नावानं? मालसुननं मला कधी फुकट घासलं नाही. मारून घासलं, भांडून घासलं. ओकबुन, मी अजून खाडीत उतरते. जिथं पाटी लावून वाढतात तिथं मी पान मांडत नाही."

ओकबुनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती परत फिरली आणि पाटी उतरवून टेबलाखाली उपडी टाकली. पण उतरवलेली पाटी टांगलेल्या पाटीपेक्षा मोठी दिसते. भिंतीवर तिच्या जागी खिळा तेवढा राहिला, आणि सगळ्या जणी खिळ्याकडं बघत राहिल्या.

मग तिनं कंबर कसली. ताईची तऱ्हा तर ताईची तऱ्हा. मध्ये उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, छाती भरून घेतली.

"ओ... ओ बोसोंगकरीण आजी! पाण्यात काय... काय बसलाय... म्हशी... म्हणजे, म्हशीसारख्या, कृपा करून..."

हौदातली चारही डोकी एकदम हसत सुटली. पाणी काठावरून सांडलं.

"अगं आई ग! कोकराला भुंकायला कुणी शिकवलं?" बोसोंगकरीण डोळे पुसत म्हणाली. "म्हशी आणि कृपा करून! मालसुन हसून हसून परत येईल ग!"

काऊंटरवरून ह्वांगबाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "कोण घसरलं का?"

"ओकबुनची जीभ!" आतून उत्तर गेलं.

पण नोकदोंगकरीण हसली नाही. ती हातमोजा घालून दंड घासत होती, मांड्या घासत होती, घोटे घासत होती. ओकबुनला तिची पाठ दिसत होती. खांद्यापर्यंत हात यायचा आणि अडायचा. त्या खांद्यानं कैक वर्षं चिखलातून फळी ओढली होती, आता तो मागं वळत नव्हता. कमरेकडून वर यायची, तिथंही अडायची. मधला कणा, दोन्ही खवाट्यांमधला पट्टा, तसाच राहत होता. काळपट, कोरडा, कुणी न पुसलेल्या पाटीसारखा. उद्या सकाळी हीच बाई कोरी कापडं घालून गेलेल्या नवऱ्याच्या ताटापुढं वाकणार.

आजीनं दोनदा प्रयत्न केला. मग हातमोजा काढून पिळला, बादली भरून अंगावर घेतली.

"झालं माझं," ती उठत म्हणाली. "पाठीकडं कोण बघतंय."

ही आज अशी गेली तर पुढच्या सणाला येणार नाही. ही आली नाही की बाकीच्याही यायच्या नाहीत. ताई गेली ती एकदा गेली होती. आता ओकबुन आपल्याच हातांनी तिला दुसऱ्यांदा घालवत होती. आणि ते फुलांची नक्षी काढून.

"आजी, थांबा ना जरा," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. "ताई... ताई फार चांगली होती हो. मलाही तिनं कधी कमी केलं नाही. दर वर्षी घरी आलेले मासे मला द्यायची. तिला चालत नसत ना."

"काय चालत नसत?" हौदातून बोसोंगकरणीनं विचारलं.

"सुके मासे. वासानं मळमळायचं तिला."

हौदातल्या डोक्यांनी एकमेकींकडं पाहिलं.

"मालसुनला?" बोसोंगकरीण काठाला रेलली. "अगं, ती माशाचं डोकंसुद्धा चोखून पांढरं करायची! माझ्या भाचीचं दुकान आहे ना बाजारात, सुक्या मासळीचं? सण जवळ आला की ही तिथं हजर. दुकानातल्या सगळ्या जुड्या खाली उतरवायला लावायची. 'ही नको, हिचं पोट फाटलंय. ती दे. ताटात मांडायचेत, शोभले पाहिजेत.' भाची म्हणायची, मावशी, एवढे महाग मासे कुणासाठी? तर म्हणायची, 'आहे एक रडकी.'"

ओकबुन उभी होती तिथंच उभी राहिली. नळ वाहत होता. कुणीतरी तो बंद केला.

आहे एक रडकी.

म्हणजे ताई घरी आलेलं उचलून देत नव्हती. बाजारात उभी राहून, बोटानं पोट दाबून, डोळे बघून निवडत होती. आणि ओकबुननं दर वर्षी ती जुडी मान ताठ ठेवून घरी नेली होती. ताईच्या घरातली अडगळ आपण उचलली, तिच्यावर उपकारच केला, असं मनात म्हणत. कधी तर तिनं वरून ऐकवलंही होतं, 'आण इकडं, मी नेते, तुला वास सहन होत नाही ना.' ताईनं ते ऐकून घेतलं होतं. 'ने बाई ने, सुटले,' म्हणाली होती.

ताईचे काटे काढून टाकायला निघालेली ओकबुन! ते काटे नव्हतेच. ते कुंपण होतं. घेणाऱ्याची लाज आत सुखरूप राहावी म्हणून घातलेलं. आणि आपण इतकी वर्षं ताईच्या बाजूला, देणाऱ्यांच्या ओळीत उभ्या आहोत असं समजत होतो. उभ्या होतो ते इथं. या हौदातल्या डोक्यांमध्ये. नोकदोंगकरणीच्या शेजारी.

तिनं अंगावरचे कामाचे काळे कपडे उतरवले आणि कपाटावर टाकले. ढिगातून एक स्टूल घेतलं, एक बादली घेतली. काम करणारी बाई गिऱ्हाइकांत बसलेली कुणी कधी पाहिली नव्हती; हौदातल्या चारही माना वळल्या. ओकबुन थंड हौदाजवळ गेली आणि बोलणं ऐकायला पुन्हा स्टुलावर टेकलेल्या नोकदोंगकरणीच्या पुढ्यात, तिच्याकडं पाठ करून बसली.

अनोळखी बायकासुद्धा न्हाणीघरात एकमेकींना जे सहज विचारतात, ते तिनं विचारलं.

"आजी, पाठ घासून देता का? मला पोचत नाही."

तिनं स्टूल आणखी मागं सरकवलं.

"ताई घासायची," ओकबुन म्हणाली. "या दिवशी, सगळं आवरल्यावर. तिच्यामागं कुणी नाही घासली."

"लेक?"

"पोहांगला असते. दिवस गेलेत तिला, बसमध्ये बसवत नाही. येणार नाही म्हणाली."

आजी तिच्या पाठीकडं बघत असावी. मग हातमोज्यात हात सरकल्याचा आवाज झाला आणि दोन खवाट्यांच्या मधोमध एक जोरदार फटका बसला.

"अगं बये! ही पाठ आहे का भाताचं खाचर? अख्ख्या गावाच्या पाठी घासतेस आणि स्वतः एवढं शेत वागवत हिंडतेस? वाक! अजून वाक! मोडणार नाहीस!"

आजीच्या खांद्यात बळ नव्हतं, पण मनगटात होतं. शिंपले उपसणारं मनगट ते. ओकबुनला घासलं जात होतं की सोललं जात होतं, कळेना. पाठ जळत होती. मळाच्या वळ्या निघून कमरेवरून घरंगळत होत्या आणि आजी प्रत्येक वळी सगळ्यांना दाखवत होती.

"बघा ग, बघा! हिच्या पाठीवर पेरणी करता येईल! आणि ही आम्हाला गरजू म्हणते!"

"मुळा लाव, मुळा!" हौदातून सल्ला आला.

ओकबुन हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण न्हाणीघरात कुणाचं कोणतं पाणी हे कोण बघतं? ज्या ठिकाणी ताईच्या जाण्यापासून कुणाचा हात लागला नव्हता, तिथं आता एक चिवट, खडबडीत, रागावलेला हात फिरत होता, आणि त्या हाताला कुणी सांगितलेलं नसूनही कुठं थांबायचं ते माहीत होतं. मानेच्या खाली, मणक्याच्या टेंगळाशी तो क्षणभर थांबला.

"रडकी ती तूच ना?" आजीनं हळू विचारलं.

"हो."

"हं." आणि पुन्हा घासणं सुरू.

बादलीभर पाणी धबाककन पाठीवर आलं. ओकबुन वळली. नोकदोंगकरणीनं तिच्याकडं पाहिलंच नाही; हातमोजा काढला, तिच्या मांडीवर फेकला, स्टूल फरशीवर करकरत फिरवलं आणि आपली पाठ तिच्यापुढं केली.

"घे. तुझी केली, माझी कर. उधारी ठेवायची नाही मला. आणि पिसानं झाडल्यासारखं करू नकोस हं. मी काही अंडं नव्हे."

ओकबुननं हातमोजा चढवला. त्या काळपट पट्ट्यावर तळवा ठेवला आणि जोर लावला.

"जरा वर."

"इथं?"

"वर म्हटलं ना, बहिरी आहेस का? हां... हां. तिथं."

आजीची मान हळूहळू पुढं झुकली. हौदातून पाण्याचा मोठा आवाज झाला. बोसोंगकरीण काठ धरून बाहेर येत होती, अंगावरून पाणी निथळत.

"आणि माझी कोण घासणार? भिंत?" म्हणत तिनं स्टूल ओढलं आणि ती ओकबुनच्या मागं येऊन बसली. "सरक ग थोडी. तुझी डावी बाजू राहिलीय, ती मी काढते. म्हातारीला दिसत नाही."

"दिसतं मला!" नोकदोंगकरीण पुढून म्हणाली. "मुद्दाम ठेवली. तुला काहीतरी काम नको का?"